तापकीर गल्लीत जाण्याआधी

बिटकॉइन मायनिंगचा, म्हणजे गणितं सोडवून बिटकॉइन मिळवू पाहणारा, बोर्ड घरी करायचा म्हटलं की सगळे आधी हॅशरेट, म्हणजे सेकंदाला किती गणितं (हॅश) होतात, ते विचारतात. माझं म्हणणं, आधी अँपिअर मोजा. बिटॅक्ससारख्या खुल्या डिझाइनचा एका चिपचा बोर्ड साधारण १५ वॉट खातो आणि चिपला लागतात जेमतेम १.२ व्होल्ट, म्हणजे त्या इवल्याशा तुकड्यात दहा-बारा अँपिअर शिरतात. हा बोर्ड म्हणजे खरं तर एक नेमका वीजपुरवठा आहे, आणि त्याच्या टोकाला एक चिप.

म्हणून कायकॅडमध्ये, म्हणजे बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेघ ओढण्यापूर्वी चिप ठरवा. बीएम१३६६, बीएम१३६८, बीएम१३७० या मायनिंगच्या चिप्सपैकी जी हाती येईल तिच्याप्रमाणे पुढचं सगळं बदलतं. या चिप्स बहुतेक वेळा मोठ्या मायनिंग यंत्रांच्या जुन्या बोर्डांवरून (हॅशबोर्ड) उतरवलेल्याच मिळतात. पावसाळ्यात पुण्यात आलेलं पार्सल उघडं ठेवू नका. चिपमध्ये मुरलेला ओलावा सोल्डरिंगच्या उष्णतेनं फुगतो आणि ती आतून तडकते. आधी मंद आचेवर तासन्‌तास वाळवायची, मगच वापरायची.

लेआउट चार थरांचा घ्या. नेहमीच्या बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. त्यावरच्या बारीक ट्रॅकमधून बारा अँपिअर जात नाहीत. ५ व्होल्टचे १.२ करणारा रेग्युलेटर चिपला खेटून ठेवा, मधे अखंड तांब्याचा पट्टा, आणि चिपच्या पोटाखाली व्हायांची, म्हणजे थर जोडणाऱ्या तांब्याच्या छिद्रांची, दाट जाळी. चिपचा व्होल्टेज स्थिर ठेवणारे डीकपलिंग कपॅसिटर जागा उरेल तिथे बसवू नका. ते पिनांना चिकटूनच हवेत. नियंत्रणासाठी ईएसपी३२-एस३ हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर पुरतो, त्यात अडण्यासारखं फार काही नाही. बोर्ड बनवणाऱ्याला गर्बर (आराखड्याच्या फाइल्स) पाठवण्यापूर्वी बोर्ड एकास एक मापात कागदावर छापा आणि हातातली चिप फुटप्रिंटवर, म्हणजे तिच्यासाठी आखलेल्या जागेवर, ठेवून बघा.

बाकी सामानासाठी पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर पुरते: मल्टीमीटरच्या चांगल्या तारा, फ्लक्स, ४० मिमीचा पंखा, हीटसिंक, थर्मल पेस्ट. अडॅप्टर मात्र जपून घ्या. ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा हवा. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याची पिन याच जॅकमध्ये बेमालूम बसते. दोन्ही अडॅप्टरांवर ठळक चिठ्ठी आजच लावा.

सोल्डर पेस्ट स्टेन्सिलनेच, म्हणजे पॅडच्या जागी खिडक्या कापलेल्या पातळ पत्र्यानेच, लावा. माझा पहिला बोर्ड इथेच फसला: मधल्या मोठ्या पॅडवर पेस्ट जास्त झाली, चिप तरंगली आणि कडेच्या पिना टेकल्याच नाहीत. मधल्या पॅडसाठी स्टेन्सिलमध्ये एक मोठी खिडकी न ठेवता लहान लहान चौकोन ठेवा. शिशाची ६३/३७ पेस्ट १८३ अंशांना वितळते, हॉट प्लेटवर तीच सोपी जाते; खोलीची खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा.

पैशांचा हिशेबही आधीच मांडा. १५ वॉट अखंड चालले तर महिन्याला सुमारे ११ युनिट. एक टेराहॅश वेग म्हणजे फार वाटतं, पण बिटकॉइनचं जाळं हजार एक्साहॅशच्या आसपासचं आहे आणि एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. एकट्याने ब्लॉक, म्हणजे ३.१२५ बिटकॉइनचं बक्षीस, सापडणं म्हणजे लॉटरीच. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून मायनिंगचा खर्च वजा होत नाही. हा बोर्ड शिकण्यासाठी करा. त्या दृष्टीने तो पैसा वसूल आहे.

आता पहिली वीज. चिप बसवण्याआधीच ५ व्होल्टची रेघ आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजून वहीत लिहा, चिप बसल्यावर पुन्हा मोजा. बेंच सप्लायवर करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर. मायक्रोकंट्रोलरला लागणारे ३.३ व्होल्ट दिसले की थांबा, बोटाने नाही तर थर्मामीटरने तापमान बघा. मग हीटसिंक आणि पंखा लावून, लिमिट थोडी थोडी वाढवत, कमी फ्रिक्वेन्सीवर अर्धा तास चालवा. एप्रिलच्या दुपारी खोलीच ३८ अंशांवर असते, तेव्हा ही चाचणी दुपारीच घ्या. चिप साठ अंशांच्या आसपास स्थिरावली, की पूलचा, म्हणजे अनेकांनी मिळून मायनिंग करायच्या सर्व्हरचा, पत्ता घाला.