कॅम्परव्हॅनला सोलर बसवताय? या चुका टाळा

तारकर्लीला दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडला. सकाळी दार उघडलं तर मालवणच्या बाजारातून आणलेली सुरमई वास मारत होती. छतावर ३३५ वॉटचं पॅनल, वर मे महिन्याचं ऊन, मग वीज गेली कुठे?

करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावल्यावर उलगडा झाला. पॅनल घरांच्या गच्चीवर बसतं तसलं, ७२ सेलचं, साधारण ३८ व्होल्टवर चालणारं. पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर मात्र स्वस्तातला, पीडब्ल्यूएम प्रकारचा. तो पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो आणि करंट काही वाढवत नाही. ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे ११७ वॉट. दिवसाला जेमतेम अर्धा युनिट, म्हणजे ५०० वॉट-तास! एमपीपीटी हा दुसऱ्या प्रकारचा कंट्रोलर जास्तीचा व्होल्टेज करंटमध्ये बदलतो, त्यामुळे असल्या पॅनलला तोच हवा. दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणाला होता, आणि मी मान डोलावली होती.

खरी चूक त्याही आधीची. पॅनल आधी घेतलं, हिशेब नंतर. फ्रिज ५० वॉटचा, उन्हाळ्यात निम्मा दिवस कॉम्प्रेसर चालू, म्हणजे ६०० वॉट-तास. पंखा २५०, लॅपटॉप १८०, दिवे आणि मोबाइल १००. झाले ११३०. यात सगळे जण एक गोष्ट विसरतात: नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर. माझा १५ वॉट खायचा, दिवसाला ३६०! आता लॅपटॉपही १२ व्होल्टच्या चार्जरवर लावतो आणि इन्व्हर्टर बंद ठेवतो.

पॅनलच्या बाजूनेही हात राखून धरा. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने रोज पाचेक तास पूर्ण ऊन धरतात, पण तापलेल्या टपावर आडवं पडलेलं पॅनल कागदावरचा आकडा देत नाही. ७० टक्के धरले तर ३३५ वॉटचे ११७० वॉट-तास होतात. काठावर पास. पावसाळ्यात तेही विसरा, इंजिनवरून चार्जिंगची सोय हवीच.

१२ व्होल्टची, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तासांची, पण टिकवायची असेल तर निम्मीच वापरा. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झोपायच्या जागेत ती उघडी नको.

बॅटरी भरलेली असूनही फ्रिज ‘लो व्होल्टेज’ दाखवतोय? कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि फ्रिजच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी वायर बघा. दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर सहा मीटर जाऊन सहा मीटर परत आली, की ५ अँपिअरला सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच संपतो. चारची टाका.

इंडक्शनचा नाद सोडा. १८०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर १५० अँपिअर.

राहिली सावली. कॅरिअरच्या पाइपची सावली सेलवर पडली तरी पॅनल ढेपाळतं, आणि उन्हात गाडी लावावी तर फ्रिज जास्त चालतो. म्हणून आता एक सुटं पॅनल सोबत असतं. गाडी सुरूच्या सावलीत, पॅनल वाळूवर.