जे वाचता येतं, त्यावरच बोली लावा: जुन्या नाण्यांच्या लिलावात उतरताना

मी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि पश्चिम क्षत्रप (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम भारतावर राज्य करणारे शक राजे) व सातवाहन यांची नाणी जमवते. लिलावात उतरायचं म्हणणारे बरेच जण विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यात माझे जुने विद्यार्थीही असतात. माझं उत्तर एकच असतं. जे नाणं तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही, त्यावर बोली लावू नका. कॅटलॉगमध्ये कितीही सुंदर फोटो असो, 'आरआरआर' म्हणजे अतिदुर्मिळ असा शिक्का असो, लिहिणारा कितीही नावाजलेला असो. त्याचं वाचन हे त्याचं मत असतं, आणि पैसे तुमचे जाणार असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रांत लहान करणं. 'प्राचीन भारत' हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. एक घराणं घ्या, जमलं तर त्यातलाही एक काळ घ्या. नव्या माणसाला मी पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी सुचवते, आणि त्याला कारण आहे. नाणं लहानसं, दोन-सव्वादोन ग्रॅमचं. पण त्यावर राजाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि दोघांच्या पदव्या असतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून तर राजाच्या डोक्यामागे शक वर्षही दिसतं. इतकी माहिती स्वतःहून देणारी प्राचीन नाणी आपल्याकडे फार थोडी आहेत. शिवाय ती पुष्कळ सापडलेली असल्यामुळे नीट वाचता येणारं नाणं अजूनही काही हजारांत मिळू शकतं.

या नाण्यांवरच्या ब्राह्मी लिपीची भीती बाळगू नका. क्षत्रपांच्या नाण्यावर साचा ठरलेला असतो: 'राज्ञो महाक्षत्रपस' किंवा 'राज्ञो क्षत्रपस', मग वडिलांचं नाव, 'पुत्रस', पुन्हा पदवी, आणि शेवटी ज्याचं नाणं त्याचं नाव. साच्यातली अक्षरं एकदा ओळखीची झाली की उरतात फक्त नावं. अडचण येते ती मात्रांची. चकती, म्हणजे ज्यावर छाप मारतात तो धातूचा तुकडा, छापापेक्षा लहान पडली की अक्षरांचे वरचे भाग काठाबाहेर जातात, आणि 'सेन' आहे की 'सन' हे कळेनासं होतं. अशा वेळी वर्ष मदतीला येतं. त्या काळी स्थानमूल्य नव्हतं. शंभरासाठी एक चिन्ह, सत्तरासाठी वेगळं, एककांसाठी आणखी वेगळी. शंभर आणि सत्तर ही दोनच चिन्हं दिसली तर शक १७०, त्यात ७८ मिळवले की इसवी सन २४८. आता हे नाणं कोणाचं? वडिलांचं नाव 'दामसेन' वाचलं म्हणून काम संपत नाही. यशोदामन, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री हे तिघेही दामसेनाचेच मुलगे, आणि तिघेही महाक्षत्रप झाले. वर्ष १७० असेल तर ते विजयसेनाचं. कॅटलॉगमध्ये दुसऱ्या भावाचं नाव छापलेलं असेल, तर तुमच्याकडे विचारायला एक नेमका प्रश्न आहे. कधीकधी याच्या उलटही घडतं: दुर्मिळ भावाचं नाणं नेहमीच्या भावाच्या नावाखाली पडून असतं, आणि वाचता येणाऱ्यालाच ते दिसतं.

सरावासाठी आम्हा नाशिककरांना पांडवलेणी आहेत. तिथल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यात सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशेब दगडात कोरलेला आहे, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, व्याजाने ठेवलेल्या रकमेचाही उल्लेख आहे. नाणं जमवणाऱ्याने तो लेख एकदा उभ्याने वाचायला हवा. अक्षरं मोठी आहेत, मात्रा शाबूत आहेत, आणि भाषा पैशाची आहे. मुंबईकरांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय पाहावं. खरं नाणं डोळ्यांत मुरल्याशिवाय खोटं खटकत नाही.

थोडा सराव झाला की नहपानाच्या नाण्यांकडे या. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला त्याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. पांडवलेण्यांतल्याच तीन क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री सांगते की आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला. ही नाणी त्याच विजयाचा पुरावा आहेत. हरलेल्या राजाचा पैसा वितळवला नाही, त्याच्यावर आपलं नाव ठोकून तोच बाजारात सोडला. मूळ नाण्यावर एका बाजूला नहपानाचं डोकं आणि ग्रीक अक्षरं असतात. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या लिप्यांतला मजकूर. पुन्हा छाप पडलेल्या नाण्यावर या सगळ्यावरून चैत्य (कमानींचा डोंगर) आणि उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली) येतं.

असं नाणं लिलावात दिसलं तर भिंगाखाली दोन गोष्टी पाहा. नवा छाप जुन्या रेषेला जिथे ओलांडतो, तिथे जुनी रेषा दबलेली हवी. आणि ठोक्याखाली धातू सरकतो, म्हणून मधल्या भागातला जुना मजकूर विस्कटलेला आणि काठाकडचा त्यामानाने स्वच्छ असं चित्र बहुधा दिसतं. चैत्य आणि नहपानाचं नाक दोन्ही सारखेच ठसठशीत, एकमेकांना धक्का न लावता शेजारी बसलेले दिसले, तर मी ते नाणं खाली ठेवते.

नकली नाण्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसा बुडतो. नकला मुख्यतः दोन प्रकारच्या. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात, आणि काठावर साच्याची शिवण किंवा ती घासल्याची खूण सापडते. दुसरा प्रकार नव्या ठशाने ठोकलेला. तो ओळखणं अवघड, कारण धातूचा ओघ खऱ्यासारखा दिसतो. त्यासाठी जुने कॅटलॉग उघडून त्याच ठशाची नाणी शोधावी लागतात. इथे एक भेद लक्षात ठेवा. ठशाला गेलेली चीर अनेक खऱ्या नाण्यांवर त्याच जागी उमटू शकते, तिची धास्ती नको. पण चकतीची काठावरची चीर ही त्या एका नाण्याची स्वतःची असते. दोन नाण्यांवर चकती तंतोतंत एकाच जागी, एकाच आकारात चिरलेली दिसली, तर निदान एक नाणं ओतीव आहे, आणि बहुधा दोन्ही.

वजन मात्र नेहमी घ्या. लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात त्या दिवशी जाणं जमवाच. भिंग दहापट मोठं दाखवणारं पुरतं. काटा तुमचा असेल तर विचारून वापरा. धातूची घनता तपासण्याची युक्ती पुष्कळांनी ऐकलेली असते: हवेतलं वजन भागिले हवेतल्या आणि पाण्यातल्या वजनातला फरक. चांदी साडेदहाच्या जवळ, तांबं नऊच्या जवळ. पण बाजारात मिळणारा ०.०१ ग्रॅमचा काटा क्षत्रपांच्या नाण्याला चालत नाही. २.२० ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याचा पाण्यातला फरक जेमतेम ०.२१ ग्रॅम येतो. त्यात ०.०१ ची चूक म्हणजे पाच टक्के, उत्तर दहा येईल नाहीतर अकरा. अकरा ग्रॅमच्या शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याला, तोच काटा छान काम देतो. लहान नाण्यासाठी ०.००१ चा काटा लागतो. अर्थात हे सगळं घरी आणल्यावर करायचं. मांडलेल्या नाण्यांना पाणी लावू देणार नाहीत, आणि लावूही नये.

शिवराईचा विषय निघालाच आहे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हा मजकूर महाराजांच्या नंतरच्या छत्रपतींच्या काळातही चालू राहिला. त्यामुळे तो वाचला म्हणून नाणं शिवकालीन ठरत नाही. अक्षरांचं वळण, बिंदूंची किनार, वजन, हे सगळं जुळावं लागतं. मागे दोन आडव्या रेषा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईतली, ती भरपूर सापडते आणि तिचा भावही त्याप्रमाणेच हवा. कोणी तिला 'रायगडची' म्हणत असेल तर तिथून निघा. महाराजांचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ आहे, आणि त्याच्या नकला मात्र जागोजागी आहेत. महाराजांवरची आपली भक्तीच विकणाऱ्याच्या कामी येते. त्यांच्या नाण्याला हात लागावा असं मलाही वाटतं, म्हणूनच तिथे दुप्पट कठोर व्हावं.

आता पैशाचं. मुंबई, अहमदाबाद, बंगळुरू इथल्या मोठ्या लिलावघरांचे जुने कॅटलॉग आणि विक्रीचे भाव बहुतेक ऑनलाइन पाहता येतात. तुमच्या प्रकारच्या नाण्याचे मागचे भाव काढा आणि दर्जा जुळवून पाहा. व्हीएफ (व्हेरी फाइन) आणि त्याहून कमी झिजलेलं ईएफ (एक्स्ट्रीमली फाइन) यांच्या भावात पुष्कळ अंतर असतं. अंदाजे किंमत बहुतेकदा मुद्दाम कमी ठेवतात, तिच्यावर विसंबू नका. हातोडा ज्या रकमेवर पडतो, त्यावर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतात. दर प्रत्येक कॅटलॉगच्या अटींमध्ये छापलेले असतात, ते पान आधी वाचा. समजा हा बोजा सगळा मिळून २० टक्के होतो आणि तुमच्या खिशातून २४,००० पेक्षा जास्त जाऊ नयेत असं ठरलं आहे, तर तुमची बोली २०,००० ला थांबली पाहिजे. हा आकडा पेन्सिलीने कॅटलॉगमध्ये त्या लॉटच्या, म्हणजे एका बोलीत विकल्या जाणाऱ्या नाण्याच्या किंवा गटाच्या, शेजारी लिहून ठेवा. हॉलमध्ये बसल्यावर समोरचा एकच पायरी पुढे जातो आहे असं वाटतं आणि हात आपोआप वर जातो. स्वतःवर भरवसा नसेल तर कमाल रक्कम आधी लेखी कळवून ठेवण्याची सोय असते. ती वापरण्यात काही कमीपणा नाही.

नाणं खोटं निघालं तर परत घेण्याची मुदत किती, हेही त्याच अटींच्या पानावर असतं. अनेक नाण्यांचा एकत्र लॉट 'जसा आहे तसा' विकतात. तो पाहिल्याशिवाय घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी इथल्या लिलावात बोली लावताना हे धरूनच चालावं. नाणं इथेच राहील. आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचा, जमिनीत सापडलेला साठा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. 'गावाकडे नांगरताना सापडलंय, स्वस्तात देतो' असं म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. अशा साठ्याची फोड झाली की कोणती नाणी कोणाच्या सोबत पुरलेली होती हे कायमचं पुसलं जातं. जोगलटेंभीचा साठा एकत्र पाहिला गेला, म्हणूनच आज आपल्याला गौतमीपुत्राची गोष्ट सांगता येते.

घरी आणल्यावर नाणं घासू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर मुळीच नाही. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. दमट हवेत तो वाढत जातो. ते नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटतं, म्हणून पॉलिप्रॉपिलिन किंवा मायलारची पाकिटं घ्या. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणारी आम्लं शिशाला खातात आणि वर पांढरी पूड धरते. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

प्रत्येक नाण्यामागे एक कार्ड ठेवा. त्यावर लिलावाची तारीख, लॉट क्रमांक, दिलेली पूर्ण रक्कम, वजन आणि व्यास लिहा. आधी कोणाच्या संग्रहात होतं हे कळलं असेल तर तेही लिहा, आणि तुम्ही स्वतः केलेलं वाचन, न लागलेल्या अक्षरांच्या जागा मोकळ्या सोडून. पावती त्याच कार्डाला जोडा. कार्डं कुठे आहेत हे घरातल्या कोणाला तरी दाखवून ठेवा, नाहीतर मागे राहिलेली माणसं ही चांदी सराफाच्या काट्यावर घालतात.