अलास्कातल्या जंगलात सरकारी केबिन घेऊन राहायचंय? मग हे वाचा

सिएटल, बे एरियातले बरेच मराठी लोक अलास्का क्रूझ करून येतात, पण ज्यांना ती गर्दी नको त्यांच्यासाठी हे. दक्षिण-पूर्व अलास्कात टोंगस नॅशनल फॉरेस्ट आहे, जवळपास १.६७ कोटी एकर, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं, आणि तिथे खाड्यांच्या काठी, तळ्यांवर फॉरेस्ट सर्व्हिसच्या (म्हणजे सरकारी वनखात्याच्या) लाकडी केबिन भाड्याने मिळतात.

१. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर करायचं. भाडं किरकोळ असतं, खरा खर्च पोचण्याचा, कारण बहुतेक ठिकाणी रस्ताच नाही, बोट नाहीतर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. म्हणून आधी केचिकन, सिटका किंवा ज्यूनो या तिथल्या गावांतल्या विमानवाल्याशी बोला, मग तारीख ठरवा.

२. भरतीचं वेळापत्रक (टाइड टेबल) बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. ज्यूनोकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत २० फुटांहून जास्त फरक पडतो, आपल्या कोकणातला अंदाज इथे कामाचा नाही. काही केबिनसमोर ओहोटीला नुसता चिखल, विमान काय होडीही लागत नाही. होडी असेल तर लांब दोर घ्या आणि रात्रीची भरती धरूनच बांधा.

३. सामान: वीज नाही, नळ नाही, गाद्या नाहीत, नुसत्या फळ्यांचे बंक, संडास बाहेर. स्लीपिंग बॅग, मॅट, हेडलॅम्प, स्टोव्ह, भांडी सगळं आपलं. पाणी ओढ्याचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी खळखळून उकळायचं, जिआर्डियाची (पोट बिघडवणारा परजीवी) भीती असते. फोनला रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र) हवाच. आणि दोन-तीन दिवसांचा शिधा जास्तीचा, खिचडीचं सामान उत्तम, कारण धुकं आलं की विमान येत नाही म्हणजे नाही, तुमची सोमवारची मीटिंग त्याला माहीत नसते.

४. शेगडी, म्हणजे केबिन गरम ठेवायची. कुठे लाकडाची, कुठे तेलाची, बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, तेल आपणच न्यायचं. लाकूड बाहेरून कायम ओलं (केचिकनला वर्षाला साधारण १५० इंच पाऊस!), म्हणून ओंडका फोडून आतला कोरडा भाग काढायचा, त्याच्या बोटाएवढ्या ढलप्या करायच्या, त्या पेटल्या की मगच जाड लाकूड. घाई केलीत तर खोलीभर धूर.

५. अस्वलं. ॲडमिरल्टी, बॅरनॉफ, चिचागॉफ बेटांवर तपकिरी, प्रिन्स ऑफ वेल्सवर काळी. खाणं, कचरा, टूथपेस्टसुद्धा ओसरीवर ठेवायची नाही. संडासला जातानाही बोलत जा, गाणं म्हणा, कसंही म्हणा. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) प्रवासी विमानात चालत नाही, तिथेच विकत घ्या आणि छोट्या विमानात चढण्याआधी पायलटला सांगा, तो विमानात माणसं बसतात त्या जागेबाहेर ठेवतो.

६. ओहोटीला किनाऱ्यावर शिंपल्या दिसल्या की आपल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. खाऊ नका. त्यांच्यात लकव्याचं विष असू शकतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही.