गोठलेल्या जमिनीचं मॉडेल कसं तपासावं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास असतो, तेव्हा गोळेवाल्याच्या गाडीवरची बर्फाची लादी नीट बघा. गोणपाट आणि भुशात गुंडाळलेली ती लादी तासन्‌तास टिकते. खालून पाणी ठिबकत असतं, पण बर्फ आहे तोवर ते ओलं ठिकाण शून्य अंशालाच चिकटून राहतं. पर्माफ्रॉस्टचं, म्हणजे सलग किमान २ वर्षं शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेल्या जमिनीचं सगळं गणित याच दोन गोष्टींवर चालतं: पांघरूण आणि वितळण्या-गोठण्यातली उष्णता.

जमिनीचं तापमान संगणकावर काढणारं मॉडेल तपासायचं, तर आधी मोजमापं गोळा करा. बोअरमधली तापमानं जीटीएन-पी या जागतिक जाळ्यात मिळतात. उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थराची जाडी सीएएलएम कार्यक्रमात १९९० च्या दशकापासून नोंदली जाते. लोखंडी सळई जमिनीत खुपसायची आणि गोठलेल्या थराला टक्कर लागली की खोली वाचायची, इतकी साधी रीत. एकाच शेताएवढ्या जागेत ही खोली बरीच बदलते, म्हणून मॉडेल जमिनीचे ज्या भल्यामोठ्या चौकटींत तुकडे पाडतं, तशा एका चौकटीशी एका सळईची नोंद ताडू नका. सरासरीबरोबर फरकाचा पल्लाही घ्या.

मातीकडे वळण्याआधी हिम, म्हणजे जमिनीवरचं पांघरूण, तपासा. माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच दडलेल्या असतात. हिवाळ्यातलं हवेचं आणि २० सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचं तापमान यांतला फरक काढा आणि तो हिमाच्या जाडीसमोर मांडा. हिम वाढेल तसा फरक वाढला पाहिजे आणि पुढे वाढीचा वेग मंदावला पाहिजे.

मग मातीच्या तापमानाचा शरद ऋतूतला आलेख उघडा. एक किलो पाणी गोठताना ३३४ किलोज्यूल उष्णता सोडतं, त्यामुळे ओल्या मातीचं तापमान कित्येक आठवडे शून्यावर अडकतं. मॉडेलची रेघ तिथे न थांबता सरळ खाली गेली, तर मातीतलं पाणी किंवा त्याचं गोठणं चुकलेलं आहे.

मातीची खोलीही बघा. कम्युनिटी लँड मॉडेल या जमिनीच्या संगणकीय मॉडेलच्या जुन्या आवृत्तीत जमीन साडेतीन मीटरच्या आत संपायची, पुढे ती ४० मीटरांपलीकडे नेली. उथळ तळ असेल तर खालची थंडी साठतच नाही.

वार्षिक सरासरी जुळली म्हणून मॉडेल पास करू नका. हिम पातळ दाखवलं की हिवाळा जास्त थंड होतो, शेवाळाचा थर वगळला की उन्हाळा जास्त गरम, आणि दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. म्हणून उन्हाळा-हिवाळा वेगळा काढा. शेवटी त्याच ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेलं हवामान देऊन मॉडेल पुन्हा चालवा. चूक गेली तर दोष हवामानाच्या माहितीत, राहिली तर मॉडेलच्या हिमात किंवा मातीत.