उताराच्या बागेत लाकडी डेक बांधताय? आधी या चुका टाळा

घरामागची बाग उतरती असेल तर उंच लाकडी डेक ही खरंच चांगली सोय आहे, माती कापत बसावं लागत नाही, मोठी भिंत बांधावी लागत नाही आणि बसायला सपाट जागा मिळते. पण सपाट जमिनीवर जी चूक खपून जाते ती उतारावर खपत नाही. तिथे खालच्या बाजूचा भार उंच खांबांवर जातो, आणि वरून येणारं पाणीही त्याच खांबांच्या बुडाशी येऊन थांबतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, फळ्या कुठल्या आणि रंग कुठला हे नंतर बघा, पहिले खालच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथून डेकचा विचार करा.

टेप उतारावर टाकून माप घेणं

पहिली चूक इथेच होते. जमीन ४ मीटरमध्ये १.२ मीटर उतरतेय आणि तुम्ही टेप जमिनीला चिकटवून ४ मीटर मोजले तर आडवं अंतर खरं म्हणजे ३.८२ मीटरच भरतं, म्हणजे १८ सेंटीमीटरचा फरक, आणि तो कळतो कधी तर खड्डे भरून झाल्यावर, तुळई खांबावर बसत नाही तेव्हा. त्यामुळे चारही कोपऱ्यांना उंच खुंट्या ठोका, दोरी बांधा, पाण्याच्या लेव्हल पाइपने किंवा लेझरने ती दोरी सगळीकडे एका पातळीत आणा आणि मापं त्या दोरीवर घ्या, खाली जमिनीवर ओळंबा सोडून खूण करा. काटकोन काढायची ३-४-५ ची पद्धत (एक बाजू ३, दुसरी ४, तर कर्ण ५) सगळ्यांना माहीत असते, पण तीसुद्धा दोरी आडवी असेल तरच बरोबर येते हे विसरतात. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले की मगच कुदळ हातात घ्या. आणि हो, खोदायच्या आधी जमिनीखालून पाण्याचा, गॅसचा पाइप किंवा वायर जातेय का ते नक्की विचारून घ्या. ठरावीक उंचीच्या वरच्या डेकला बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते, तेही याच वेळी विचारून टाका.

भरावाच्या मातीवर पाया

ही चूक मी स्वतः केलीय. डेकचा खालचा एक कोपरा वर्षभरात चांगला ४ सेंटीमीटर खाली गेला, खांब ओळंब्यात, बोल्ट घट्ट, लाकूड ठणठणीत, काही कळेना. शेवटी खोदून बघितलं तर काँक्रीट बसलेलं होतं कधीतरी बाग सपाट करताना खाली ढकललेल्या मातीवर. उतारावर अशी माती हमखास असते, आणि घराच्या भिंतीलगतही असते कारण घराचा पाया खोदून परत भरलेला असतो. खड्डा मूळच्या घट्ट मातीपर्यंत जायलाच हवा, मग दोन फूट जास्त खोदावं लागलं तरी खोदा. तळ सपाट ठेवा, उताराप्रमाणे तिरका ठेवला तर पाया हळूहळू घसरायला बघतो. खोली मोजताना खड्ड्याच्या खालच्या कडेकडून मोजा, वरच्या कडेकडून मोजली की उगाच खोल वाटतो. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे गोठणाऱ्या थराच्याही खाली जावं लागतं, नाहीतर बर्फाने जमीन फुगते आणि पायासकट खांब वर उचलला जातो.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड सुकून आकसतं, भोवती फट पडते, त्या फटीत पाणी साचतं आणि बाहेरून चांगला दिसणारा खांब जमिनीलगत कुजतो. काँक्रीट जमिनीच्या थोडं वर काढा, त्यात लोखंडी शू, म्हणजे खांब धरून ठेवणारी बैठक, बसवा आणि खांब त्यावर अधांतरी राहील असं करा. खांब आधीच मापाने कापून आणायची घाईही नको, सगळे लांबच ठेवा, उभे करा, एकच लेव्हल दोरी फिरवा आणि मग जागेवर कापा, कारण उतारावर प्रत्येक खांबाची लांबी वेगळीच येते.

उंच खांब आणि तिरके आधार नाहीत

डेकवर उभं राहून कंबर डावीउजवीकडे हलवली आणि सगळा डेक सोबत हलला तर तो पडेल का? लगेच नाही. पण प्रत्येक हेलकाव्याने बोल्टांची भोकं थोडी थोडी मोठी होत जातात. खालच्या बाजूचे खांब पुरुषभर उंच असतील तर ९० मिलिमीटरचा चौकोनी खांब मी वापरणार नाही, १४० चा घ्या, आणि खांब ते तुळई असे ४५ अंशातले आधार दोन्ही दिशांना द्या. एकाच दिशेला दिले तर डेक दुसऱ्या दिशेला झुलतो. तुळई खांबाच्या डोक्यावर बसवा किंवा खांबात खाच करून बसवा. बाजूला नुसती बोल्टने लटकवली की सगळा भार त्या दोन बोल्टांवर, आणि अनेक ठिकाणच्या नियमांत डेकसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, म्हणजे १५ चौरस मीटरच्या डेकला ३ टन, हा आकडा डोक्यात ठेवून मग बोल्टकडे बघा.

घराच्या भिंतीला नुसते खिळे

डेक कोसळण्याच्या घटनांमध्ये हे कारण पुन्हा पुन्हा सापडतं. भिंतीला लावलेली आडवी फळी, म्हणजे लेजर, खिळ्यांनी ठोकलेली असते आणि माणसं जमली की खिळे सरळ उपसून येतात. तिथे आरपार बोल्ट किंवा भिंतीला साजेसे जाड अँकर लागतात, आणि वरून फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर काढणारी पत्र्याची पट्टी, नाहीतर पाणी फळीच्या मागे झिरपून भिंतही खराब करतं. भिंत शोभेच्या विटांची असेल किंवा आत काय आहे माहीतच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, घराला हातच लावू नका, घराकडेही खांबांची एक रांग उभी करा आणि डेक स्वतंत्र ठेवा. फक्त मग तिरके आधार आणखी महत्त्वाचे होतात कारण घराचा टेकू गेला.

स्क्रूच्या बाबतीतही तेच. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, ते इथे अजिबात नकोत. कुजू नये म्हणून औषधाची ट्रीटमेंट केलेल्या लाकडात बऱ्याचदा तांब्याची संयुगं असतात, ती साधं लोखंड खातात, म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस घ्या, समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचं. लाकूड कापलं की आतला भाग उघडा पडतो, त्या प्रत्येक टोकाला औषध परत लावायचं, कंटाळा आला तरी.

पायऱ्यांची उंची चुकीच्या जागी मोजणं

डेकच्या कडेवरून सरळ खाली टेप सोडतात, ९० सेंटीमीटर येतात, १८ च्या पाच पायऱ्या असा हिशोब करतात. पण जिना पुढे मीटरभर जाऊन टेकतो आणि तोवर जमीन आणखी २० सेंटीमीटर उतरलेली असते. मग शेवटची पायरी ३८ ची! ११० धरून सहा पायऱ्या केल्या की प्रत्येक १८.३ ची येते. सगळ्या सारख्या हव्यात, अंधारात पाय सवयीने पडतो. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, लहान मुलं त्यातून डोकं घालतात, आणि कठड्याचे खांब फळ्यांवर नाही, खालच्या सांगाड्याला बोल्टने धरा.

डेक आधीच बांधून झालाय आणि त्रास देतोय?

चालताना उसळतोय तर कड्यांचा (फळ्यांखालच्या आडव्या लाकडांचा) गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, लांब झालाय, कड्यांमध्ये आडवे ठोकळे घालून थोडा फरक पडतो पण खरा उपाय मधे आणखी एक तुळई. फळ्या पन्हाळीसारख्या वळल्यात तर बहुतेक खालून हवा खेळत नाहीये, प्लॅस्टिक अंथरलं असेल तर काढा, पाणी जाऊ देणारं कापड आणि खडी टाका. फळ्यांमध्ये फटच नाही तर ओलं साचणारच, सुक्या फळ्यांना ५-६ मिलिमीटर हवेत, ओल्या फळ्या मात्र जवळजवळ लावा कारण त्या सुकून आपोआप फट सोडतात. खांबाच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, सहज आत गेला तर तो खांब गेला, वरून रंग मारून उपयोग नाही. कोपरा खचला असेल तर पाचर मारून लेव्हल करू नका, माती खचायची थांबलेली नसते. शेजारी तात्पुरता भक्कम टेकू द्या, जॅकने अगदी हळूहळू उचला आणि पाया नवीन, खोल करा. आणि त्याआधी वरच्या बाजूला एक चर खणून पाणी डेकपासून दूर वळवा, नाहीतर नवीन पायाखालची मातीही तेच पाणी भिजवून मऊ करणार.