वळणाची रेघ मशीनवर जाऊन बिघडते, कारण फाइल पाठवताना या चुका होतात

कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये गुळगुळीत दिसणारी वेलबुट्टी लेझर-कटिंगवाल्याकडे पोहोचते तेव्हा तिला कोपरे फुटलेले असतात. कधी गोलाचा अंडाकार होतो, कधी वीतभर कमान नखाएवढी उमटते. मग फोनाफोनी सुरू होते. ‘तुमची फाइल करप्ट आहे.’ ‘आमच्याकडे तर बरोबर दिसतेय.’ बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात आणि फाइल करप्ट नसते.

सरळ रेघेची दोन टोकं सांगितली की कुठल्याही सॉफ्टवेअरचं भागतं. वळणाचं तसं नाही. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप बेझियर वक्र वापरतात: दोन टोकं आणि वळण ओढणारी दोन हँडल. ही पद्धत फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतून आली. रेनॉमध्ये पिएर बेझिये आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी ती गाडीच्या पत्र्याचे आकार मांडण्यासाठी वेगवेगळी घडवली. आराखडे काढायचं कॅड सॉफ्टवेअर, ऑटोकॅड, मात्र कमान म्हणजे केंद्र, त्रिज्या आणि दोन कोन असं लिहून ठेवतं. मुक्त वळणासाठी त्याची स्प्लाइन निराळी. आणि पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या जी-कोडमध्ये, म्हणजे तिला मिळणाऱ्या आज्ञांत, सहसा दोनच गोष्टी उरतात, सरळ रेघ आणि वर्तुळाचा तुकडा.

म्हणजे वाटेत कुठेतरी वळणाचं रूपांतर होणारच. ते कुठे, कसं आणि किती बारीक व्हावं हे आपण न ठरवता समोरच्याच्या सॉफ्टवेअरवर सोडून देणं ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याचशा चुका तिचीच पिल्लं आहेत.

‘आर १२ मध्ये दे, सगळीकडे चालतं’

हा सल्ला निम्मा खरा आहे. डीएक्सएफ म्हणजे कॅडचं रेखाटन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची फाइल, आणि तिचं आर १२ व्हर्जन १९९२ चं. ते जुन्यातल्या जुन्या मशीनवर उघडतं हे खरं, पण त्यात स्प्लाइन आणि खरं लंबवर्तुळ लिहायची सोयच नाही. ती आर १३ पासून आली. त्यामुळे आर १२ निवडलं की सॉफ्टवेअर वळणाचे सरळ तुकडे पाडतं, आणि किती तुकडे पाडू हे बऱ्याचदा विचारतही नाही.

उलटा प्रकार जास्त वाईट. नव्या व्हर्जनची, स्प्लाइन असलेली डीएक्सएफ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर सरळ रेघा येतात आणि वळणं गुपचूप गळतात. एररही येत नाही. भरगच्च जाळीत दोन पाकळ्या कमी आहेत हे शीट कापून झाल्यावर कळतं.

तुकडे किती हवेत याचा हिशोब सोपा आहे. १०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ ३६ तुकड्यांत मोडलं, तर प्रत्येक तुकड्याच्या मधोमध रेघ खऱ्या गोलापासून ०.३८ मिमी आत जाते. अ‍ॅक्रिलिकच्या चकचकीत कडेवर बोट फिरवलं की ते कोपरे लागतात. ७२ तुकडे केले तर हीच चूक ०.०९५ मिमी, आणि १०० तुकड्यांना जेमतेम ०.०५ मिमी. तुकडे दुप्पट केले की चूक चौथाईवर येते. मखर, नेमप्लेट, साइनबोर्ड असल्या कामाला ०.०५ पुरेसं आहे.

मग हजार तुकडे का नकोत? कारण मशीनला प्रत्येक नोडपाशी, म्हणजे दोन तुकड्यांच्या सांध्यापाशी, दिशा बदलावी लागते. नोड फार दाट झाले की कंट्रोलरला वेग धरता येत नाही, हेड अडखळत चालतं, लेझर एकाच जागी रेंगाळतो आणि कडेवर जळके ठिपके पडतात. फोटो ऑटो-ट्रेस करून काढलेल्या नक्षीत हा त्रास हमखास होतो. तिचे नोड आधी कमी करा. कोरलमध्ये शेप टूल घेतलं की ‘रिड्यूस नोड्स’ची पट्टी वरच दिसते.

खरा उपाय सरळ तुकडे वाढवण्यात नाही, वळणाला छोट्या कमानी बसवण्यात आहे. तुकडे थोडे लागतात, सांधे गुळगुळीत राहतात आणि मशीनला कमान तशीच चालवता येते. ऑटोकॅडमध्ये ‘प्लाइनकन्व्हर्टमोड’ (PLINECONVERTMODE) या सेटिंगची किंमत १ करा, मग ‘स्प्लाइनएडिट’ (SPLINEDIT) घेऊन स्प्लाइनची पॉलिलाइन, म्हणजे रेघा-कमानींची सलग साखळी, करा. तेव्हा ऑटोकॅड ० ते ९९ मधली अचूकता विचारतं. मुळात तिथे १० असते, नाजूक नक्षीला ती वाढवावी. लंबवर्तुळ काढण्याआधी ‘पीइलिप्स’ (PELLIPSE) ही सेटिंग १ करून ठेवली तर ते पॉलिलाइन म्हणूनच तयार होतं. कोरीवकामाच्या आर्टकॅम सॉफ्टवेअरचा विकास ऑटोडेस्कने २०१८ मध्ये थांबवला, तरी लाकडाच्या राउटरवाल्यांकडे ते अजून सर्रास दिसतं. त्यातही वेक्टरला कमानी बसवायची सोय आहे. ऑपरेटरला ती वापरायला सांगा.

आणि डीएक्सएफचाच हट्ट कशाला? समोर लाइटबर्न हे लेझरचं सॉफ्टवेअर असेल तर एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या, बेझियर जसेच्या तसे जातात. आरडीवर्क्स हे लेझरचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला जुन्या व्हर्जनची एआय, म्हणजे इलस्ट्रेटरची फाइल, बऱ्याचदा चालते. पाठवण्याआधी एक फोन करून विचारलं तर निम्मं काम होतं.

उलट बाजूही सांगायला हवी. बेझियरने तंतोतंत वर्तुळ काढताच येत नाही. चार नोडांचा गोल त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के चुकतो, म्हणजे १०० मिमी त्रिज्येला ०.०२७ मिमी. नावाच्या पाटीला याने काहीही फरक पडत नाही. बेअरिंग घट्ट बसवायचं असेल तर पडतो. तसली भोकं कॅडमध्येच काढावीत.

माप कितीने चुकलं ते आधी मोजा

माप चुकलं की बरेच जण नजरेने ओढून मोठं-लहान करतात. तसं करू नका. प्रत्येक फाइलमध्ये बाजूला १०० बाय १०० मिमीचा चौकोन ठेवा आणि समोर तो किती येतो ते विचारा. रोगाचं नाव त्या आकड्यातच मिळतं.

३.९४ आला तर फाइल इंचात लिहिली आणि मिमीत वाचली. २५४० आला तर त्याच्या उलट. २८३.४६ म्हणजे छपाईतले पॉइंट मिमी समजून वाचले, ३७७.९५ म्हणजे पिक्सेल. एसव्हीजीमध्ये ७५ आला तर फाइल इलस्ट्रेटरची आहे: तो इंचाला ७२ पिक्सेल धरतो, वाचणारा ९६. आणि ९३.७५ आला तर फाइल जुन्या इंकस्केपची. २०१७ च्या ०.९२ व्हर्जनच्या आधी तिथे इंचाला ९० धरत, त्या व्हर्जनपासून ९६ झाले.

डीएक्सएफ ही साधी टेक्स्ट फाइल असते हे फार जणांना माहीत नसतं. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘इन्सयुनिट्स’ (INSUNITS) शोधा. खाली ७० आणि त्याखाली एक आकडा दिसेल: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिमी, ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. तिथेच सुरुवातीला ‘एकॅडव्हर’ (ACADVER) या नोंदीखाली व्हर्जन असतं. एसी १००९ म्हणजे आर १२, एसी १०१५ म्हणजे २०००, एसी १०२७ म्हणजे २०१३. आर १२ च्या काळात मापाची ही नोंद नव्हतीच, म्हणून ती फाइल देताना ‘मिमी’ हा शब्द तोंडी किंवा फाइलच्या नावात सांगावाच लागतो.

मराठी अक्षरं: कर्व्ह करणं पुरेसं नाही

इंग्रजी कामावर बनवलेल्या सूचनांत हे सापडत नाही, आणि रेडियमच्या दुकानांत सगळ्यात जास्त माल यामुळेच वाया जातो.

‘श्री गजानन’ टाइप केलं आणि कर्व्ह केलं, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून घेतले. स्क्रीनवर शिरोरेघ एकसंध, झकास. पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला शिरोरेघेचा आपापला तुकडा असतो आणि मध्ये फट दिसू नये म्हणून तो शेजारच्या तुकड्यावर जरा चढवलेला असतो. काळा रंग भरला की सांधा दिसत नाही. कटिंग प्लॉटरला रंग कळतच नाही, तो फक्त बाहेरची रेघ कापतो. त्यामुळे ग आणि ज यांच्यामध्ये शिरोरेघेत दोन उभे काप जातात, काना वेगळा पडतो, मात्रा मुळाशी कापली जाते. फालतू रेडियम सोलायला घेतलं की अक्षरं एकेक करून सुटी निघतात.

उपाय म्हणजे कर्व्ह केल्यावर सगळं वेल्ड करणं, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून बाहेरची एकच रेघ ठेवणं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. कंबाइन नव्हे! वेल्ड आणि कंबाइन या दोन्ही बटणांनी ‘एकच ऑब्जेक्ट’ होतं, म्हणून लोक फसतात. कंबाइन केलं की आकार एकमेकांवर चढलेत तिथे भोक पडतं आणि शिरोरेघेत पांढऱ्या चिरा दिसतात. त्यातही गंमत अशी, की चढलेला भाग भरायचा की मोकळा सोडायचा याचे दोन नियम आहेत. एका सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं अक्षर दुसऱ्यात चिरलेलं दिसतं, फाइल तीच असूनही. वेल्ड झालं की नाही हे वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या रेघा दाखवणाऱ्या दृश्यात, बघा: अक्षरांच्या पोटात एकही आडवी-उभी रेघ उरता कामा नये.

कर्व्ह न करता फाइल दिलीत तर वेगळाच तमाशा होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं नाव समोर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा होऊन उघडतं. युनिकोड मजकूर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं सुटतात. म्हणून कर्व्ह कराच, पण मूळ टाइप केलेली प्रत वेगळी ठेवून. वेल्ड केलेल्या नावातली वेलांटी नंतर बदलता येत नाही, आणि शुद्धलेखन गिऱ्हाइकाला बोर्ड भिंतीवर चढल्यावरच दिसतं.

बाकीच्या, थोडक्यात

रेघेची जाडी डीएक्सएफमधून मशीनपर्यंत पोहोचेल असं धरू नका. ५ मिमी जाड वेल मधल्या एका रेघेत कापली जाते. जाडी हवी असेल तर आधी आउटलाइनचं ऑब्जेक्ट करा. ब्रश, सावली, काँटूर हे इफेक्टही आधी मोडून घ्या.

एकावर एक दोन रेघा पडल्या असतील तर मशीन तीच जागा दोनदा कापतं. ऑटोकॅडमध्ये ‘ओव्हरकिल’, आरडीवर्क्समध्ये ‘डिलीट ओव्हरलॅप’. टोकं न जुळलेला आकार बंद धरला जात नाही, म्हणून तो भरून कोरता येत नाही. ऑटोकॅडच्या ‘पीएडिट’मधल्या जॉइनला थोडं फझ अंतर (किती फट चालेल ते) दिलं की बारीक फटी मिटतात.

कॅडमधून आलेली एखादीच कमान दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलट्या बाजूला गेलेली दिसली, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘नॉर्मल झेड’ बघा. तिथे उणे १ असेल तर ती कमान थ्रीडीत उलटवलेली आहे आणि घेणारं सॉफ्टवेअर ते लक्षात घेत नाही. ती पुन्हा काढणंच सोपं. ब्लॉक (एकत्र बांधलेला रेखाटनाचा गट) आडव्या-उभ्या वेगळ्या मापाने ताणलेला असेल तर पाठवण्याआधी तो एक्सप्लोड करून, म्हणजे सुटा करून, आतले गोल तपासा.

निघालेली फाइल ज्या सॉफ्टवेअरमधून काढली त्यातच उघडून तपासण्यात अर्थ नाही, ते आपल्या चुका आपणच झाकून घेतं. इंकस्केप आणि लिब्रेकॅड फुकट मिळतात, त्यात उघडून बघा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, सोबत एक ओळ: ‘मिमीमध्ये आहे, चौकोन १०० बाय १००, लाल रेघ कट, निळी कोरायची, चौकोन कापू नका.’