नागपुरात स्पीकर घ्यायला बर्डीच्या बाजारात निघण्याआधी

पहिलं काम टेप घेऊन खोली मोजण्याचं. लांबी, रुंदी, छताची उंची आणि बसायच्या जागेपासून स्पीकर ठेवता येतील तिथपर्यंतचं अंतर, हे चार आकडे कागदावर हवेतच. शेजारी साधा नकाशा काढा: दार कुठे, कूलर कोणत्या खिडकीत, दिवाण कोणत्या भिंतीला, प्लग कुठे. "खोली मध्यम आहे" एवढंच सांगून बर्डीतल्या मोदी नंबर तीनच्या गल्लीत शिरलात, तर दुकानात जो जोड समोर मांडलेला असेल तोच तुमच्या गळ्यात पडायची शक्यता जास्त.

या आकड्यांवरून बरंच काही आधीच कळतं. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिची दुप्पट करा आणि ३४५ ला त्या आकड्याने भागा. जो आकडा येईल त्या हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या सुराच्या) आसपास खोली स्वतःच घुमते. १० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये लांबीच्या दिशेने हा आकडा ४७ आणि रुंदीच्या दिशेने ५७ येतो. छतही १० फुटांवर असेल तर ५७ ची घुमणी दोन दिशांनी एकत्र येते, आणि बेस गिटारचा एखादाच सूर फुगल्यासारखा वाटतो, बाकीचे दबतात. अशा खोलीत ३५ हर्ट्झपर्यंत उतरणारे, जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर नेले की बेस वाढतो, पण घोंगावतो, आणि मग बिचाऱ्या स्पीकरला दोष दिला जातो. इथे ५ ते साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या कोनचा) बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा, जोड पुरेसा आहे. १५ बाय २० चा हॉल किंवा महाल भागातल्या जुन्या वाड्याची लांब माडी असेल तर टॉवरचा विचार जरूर करा.

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आलं तर उघड्या टाइल्स, काच आणि कोऱ्या भिंती वरचे सूर टोचरे करणार, हे नक्की. स्पीकर आणि तुमच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड कापडाचा पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढं आधी करून घ्या. जो फरक पुढच्या किमतीचा स्पीकर घेऊन येईल असं वाटतं, तो बऱ्याचदा यातच मिळतो.

आता कूलर. नागपुरात मार्चअखेरीपासून पावसाळा लागेपर्यंत घरातलं ऐकणं कूलरच्या घरघरीत होतं, आणि बाहेरची स्पीकरबद्दलची कुठलीही माहिती ही गोष्ट धरून चालत नाही. फोनवर आवाज मोजायचं ॲप घ्या आणि बसायच्या जागेवर तीन आकडे लिहा: कूलर बंद, हळू आणि जोरात. फोनचे आकडे अगदी काटेकोर नसतात, पण तुलनेला चालतात. समजा बंद असताना ३५ आणि जोरात ६० दिसले, तर मधल्या २५ डेसिबलमध्ये तानपुऱ्याचा झंकार, गायकाचा श्वास आणि विरत जाणारी मींड सगळं बुडतं. ते वर काढायला आपण आवाज वाढवतो, आणि तिथेच ॲम्प्लिफायरची ताकद संपते. म्हणून उन्हाळ्यातही मन लावून ऐकणार असाल तर संवेदनशीलता जास्त असलेला, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त मोठा वाजणारा, जोड घ्या, किंवा ऐकण्याच्या वेळेपुरता कूलर सर्वांत हळू ठेवता येईल का ते घरच्यांशी ठरवा. कूलरची ओली हवा थेट स्पीकरवर येऊ देऊ नका. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पेटी सांध्यापाशी फुगते, वायर जोडायची मागची टर्मिनल काळी पडतात, आणि वूफरच्या कडेला फोमची रिंग असेल तर काही वर्षांत तिचा भुगा होतो. रबराची रिंग टिकते, तेव्हा विकत घेताना हे विचाराच. कूलरची मोटर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर नको. पंप चालू-बंद होताना स्पीकरमधून येणारा टक् आवाज बहुतेक वेळा तिथूनच येतो.

पुढचा कागद तुमच्या ऐकण्याचा. काय ऐकता, किती जोरात आणि कोणत्या वेळी, हे तिन्ही लिहा. ख्याल गायकी मुख्य असेल तर खोल बेसचा हव्यास धरायचं कारण नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो, म्हणजे ६० पर्यंत नीट उतरणारा स्पीकर त्याला पुरतो. खरी परीक्षा २०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, कारण गळा, हार्मोनियम, सारंगी आणि तबल्याची चाट यांचा बराचसा भाग तिथे आहे. वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा भाग) यांच्यातला क्रॉसओव्हरही (जिथे आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो ती जागा) बहुधा याच पट्ट्यात, २००० ते ३००० च्या आसपास येतो, म्हणून आलापात स्वर वर चढताना आवाजाचा पोत मध्येच बदलतो का ते लक्ष देऊन ऐका. बदलत असेल तर तो जोड कितीही दिमाखदार दिसो, सोडून द्या. भीमगीतं, ढोलकीची गाणी, कव्वाली यांत टाळी आणि थाप लखकन यावी लागते. तिथे संवेदनशील, आवाज वाढवल्यावरही न दबणारा स्पीकर हवा. सिनेमा आणि इलेक्ट्रॉनिक संगीत जास्त असेल तर बुकशेल्फ जोडीला नंतर सबवूफर (फक्त खोल बेसची वेगळी पेटी) जोडता येईल एवढी सोय ॲम्प्लिफायरमध्ये आहे का ते पाहून ठेवा.

तबला-तानपुरा माइकशिवाय कसा वाजतो ते कानात पक्कं असणंही तयारीतच येतं. वसंतराव देशपांडे सभागृहातली मैफल ध्वनिक्षेपकातून येते, तिची तुलना इथे उपयोगी नाही. एखाद्या घरगुती बैठकीत चार-पाच फुटांवर बसून ऐका.

ॲम्प्लिफायरच्या मागची पट्टी वाचा, फोटो काढून ठेवा. ८ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) किती वॅट, ४ ओहम चालतो की नाही, हे तिथे किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा सोडून द्या, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) धरा. स्पीकरची संवेदनशीलता बहुधा २.८३ व्होल्टवर, १ मीटरवरून दिलेली असते. ८ ओहमला ते १ वॅट होतात, ४ ओहमला २ वॅट. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर ८८ लिहिलं असेल तर वॅटच्या हिशेबाने तो ८५ समजा. आता आपला हिशेब करू. स्पीकर ८५ डेसिबलचा, तुम्ही अडीच मीटरवर. अंतरामुळे ८ कमी, दोन स्पीकर म्हणून ३ जास्त, तर प्रत्येकी १ वॅटला कानापाशी ८० मिळतात. समेवर तबल्याची थाप ९५ पर्यंत जाऊ द्यायची तर आणखी १५ डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे ३२ वॅट. तोच स्पीकर ९२ चा असता तर साडेसहा वॅटच्या आत काम झालं असतं. घरात २० वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर असेल तर निवड इथेच बरीचशी झाली. ताकद कमी पडते तेव्हा माणूस बटण पूर्ण फिरवतो, लहरींची टोकं छाटली जातात आणि ट्वीटर जळतो. दुबळा ॲम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित असतो ही समजूत या कारणाने चुकीची आहे.

ओहमच्या बाबतीत किमान आकडा विचारा. केईएफ कंपनीचा एलएस५० मेटा ८ ओहमचा म्हणून विकला जातो, पण त्याची तांत्रिक माहिती पाहिली तर किमान ३.५ ओहम आणि संवेदनशीलता ८५ दिसते. स्पीकर फार चांगला आहे, पण त्याला दमदार ॲम्प्लिफायर लागतो. ॲम्प्लिफायर बंद शोकेसमध्ये कोंबलेला असेल तर पारा ४५ वर गेल्यावर असा जोड त्याला लवकर तापवेल. वर किमान १५ सेंटीमीटर मोकळं सोडा.

पाठीमागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असलेला स्पीकर भिंतीपासून २० ते ३० सेंटीमीटर तरी पुढे लागतो. तेवढी जागा नसेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा बंद पेटीचा जोड बघा, आणि कोपऱ्यात कोणताच ठेवू नका. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. सोफ्यावर बसणाऱ्याला साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरचं स्टँड लागतं, पण खाली गादीवर मांडी घालून ऐकणाऱ्याला ४५ ते ५० चं पुरतं. बाजारात बहुतेक स्टँड सोफ्याच्या हिशेबाने येतात. मापाचं स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतं. पोकळ पाय वाळूने भरून घ्या, म्हणजे ते वाजत नाहीत.

वायरवर पैसे उधळू नका. ५ मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची, त्यापुढे अडीचची, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. जोडल्यावर गायक मधोमध न येता दोन्हीकडे पसरला आणि बेस नाहीसा झाला, तर एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली आहे.

जुना जोड घेणार असाल तर मल्टिमीटर खिशात ठेवा. वायर काढून टर्मिनलवर मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ चा तीन ते साडेतीन. पण हे माप मुख्यतः वूफरचं येतं, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असल्याने त्याची तपासणी कान जवळ नेऊनच करावी लागते. वूफरच्या कोनला चार बोटांनी सारखा दाब देऊन आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासतो आहे.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमध्ये ओळखीची गाणी न दाबलेल्या (एमपी३ नव्हे, वेव्हसारख्या) फाइलमध्ये न्या, आणि जमलं तर आपला ॲम्प्लिफायरही. फळीवर दाटीने मांडलेले स्पीकर ऐकून काही कळत नाही, तेव्हा जोड बाहेर काढून स्टँडवर ठेवायला सांगा. दोन जोडांची तुलना करताना आवाज फोनवर मोजून सारखा करा, कारण एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला जोड हमखास जास्त चांगला वाटतो. प्रत्येक जोडाला अर्धा तास द्या. पहिल्या दोन मिनिटांत चमकणारे वरचे सूर अर्ध्या तासाने कान थकवतात, आणि घरी तुम्ही अर्धा तासच ऐकणार नाही.

शेवटी घरी दोन दिवस ऐकायला मिळेल का ते पैसे देण्याआधी विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. मिळालं तर एकदा कूलर बंद, एकदा चालू ठेवून ऐका. जीएसटी बिलावर दोन्ही पेट्यांचे सिरियल नंबर हवेत आणि ते एकाच जोडीचे हवेत. परदेशातून आणलेला ॲक्टिव्ह (आतच ॲम्प्लिफायर असलेला) स्पीकर असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिलंय का ते प्लग लावण्याआधी पाहा. खोका आणि थर्मोकोल माळ्यावर ठेवा, वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर त्याशिवाय कोपरे फुटतात.